बत्तीस चिऱ्यांची वाट

भिंतीला भोक पाडल्याचा गुन्हा मी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच नोंदवला, आणि तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. खून, दरोडे, फसवणुकीची प्रकरणं, यातलं बरंच विसरलो. ही भिंत विसरलो नाही, कारण तो तपास माझ्या हातून अर्धा राहिला. तो पुरा झाला एकोणीस वर्षांनी, इथे ओमानमध्ये, जिथे मला कोणाला साधं थांबवून नाव विचारण्याचाही अधिकार नाही.

तळकोकणातलं खाडीकाठचं एक लहान शहर. शहराचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहिणार नाही. मी तिथे पोलीस निरीक्षक, ठाण्याचा प्रभारी होतो. शहराचे दोन भाग: वरची आळी आणि खालचा मोहल्ला. वर हिंदू, खाली मुसलमान. पण बाजार खाली, दवाखाना आणि हायस्कूल वर, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागात पाय ठेवावाच लागे. माझी बदली तिथे होण्याच्या काही महिने आधी मिरवणुकीच्या वाटेवरून दगडफेक झाली. दोन दुकानं जळली, एका माणसाचा डोळा गेला. त्यानंतर शांतता समितीच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी एकच मागणी केली: मध्ये भिंत घाला. गटारीच्या ठरावावर वर्षभर भांडणारी नगरपरिषद, तिने हा ठराव एका बैठकीत मंजूर केला.

सात फूट उंचीची चिऱ्याची भिंत उभी राहिली. चिरा म्हणजे आमच्याकडचा तांबडा दगड, खाणीतून मोठ्या विटेसारखा कापून काढतात. भिंतीचं एक टोक खाडीत, दुसरं डोंगराच्या कड्याला. कागदावर ती ‘तात्पुरती’ होती. खालून वर जायचं तर हायवेच्या पुलावरून वळसा, साडेतीन किलोमीटर.

भिंतीच्या दोन्ही टोकांना माझा एकेक शिपाई, तीन पाळ्यांत. पाचव्या महिन्यात एका दुपारी तीनच्या सुमाराला शिपाई धापा टाकत ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, भिंतीला दरवाजा झालाय."

"दरवाजा कसा होईल?"

"काय माहीत साहेब. सकाळी नव्हता."

मी गेलो. भिंतीच्या मधोमध तीन फूट रुंद, खालपासून वरपर्यंत मोकळी जागा. काढलेले चिरे बाजूला एकावर एक नीट रचून ठेवलेले. एकही फुटलेला नाही. आणि त्या जागेतून माणसं ये-जा करत होती, जणू वर्षानुवर्षांची वाट. एक बाई डोक्यावरची पाटी सांभाळत माझ्या शेजारून गेली आणि म्हणाली, "बाजूक व्हा जरा."

पंचनामा केला. चिरे जमादाराने मोजले, एकतीस. पंच म्हणाला बत्तीस. पुन्हा मोजले, बत्तीस निघाले. पंचनाम्यात एकतीसवर रेघ मारून बत्तीस लिहिलं आणि त्यावर माझी सही घेतली. म्हणून तो आकडा माझ्या डोक्यात पक्का राहिला. नगरपरिषदेच्या अभियंत्याची फिर्याद घेतली. अज्ञात इसमांविरुद्ध, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आणि मनाई आदेशाचा भंग.

आमची चूक लगेच सापडली. पाळी बदलताना दोन्ही शिपाई ठाण्यात येत, सही करत, मग पुढचे दोघे निघत. म्हणजे रोज दोन ते पावणेतीन भिंतीवर कोणीच नसे. हे मला माहीत नव्हतं. शहरातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

मग मी दुसरी चूक केली, ती मोठी. चिरे इतके नीट रचलेत, एकही फुटला नाही, आणि वेळ पाऊण तास, म्हणजे हे दहा-बारा जणांचं, ठरवून केलेलं काम, असं मी धरून चाललो. दोन्ही बाजूंच्या पुढारी पोरांना उचललं. अकरा जण. वेगवेगळं बसवून विचारलं.

"दुपारी दोन वाजता कुठे होतास?"

"झोपलो होतो साहेब."

"भर दुपारी?"

"भर दुपारीच झोपतो साहेब. रात्री कसला झोपतोय."

अकराच्या अकरा झोपलेले. आणि कोकणात हे उत्तर खोटं ठरवणं कोणत्याही पोलिसाला शक्य नाही. संध्याकाळी सोडून दिलं.

चार दिवसांनी कळलं की भिंत ज्याने बांधली तो गवंडी मस्कतला गेला. वरच्या आळीचा, तीस-बत्तीसचा. मी त्याच्या घरी गेलो. म्हातारा बाप ओट्यावर होता. एजंटचे कागद पाहिले, व्हिसा घटनेच्या आधीचा निघाला. मी दोन-चार शब्द बोलून परत आलो. आठ महिन्यांनी मी कोर्टात ‘अ’ समरी पाठवली, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळून येत नाही. कोर्टाने फिर्यादीला नोटीस काढली, फिर्यादीची हरकत नव्हती, समरी मंजूर झाली. फाईल बंद.

भिंतीतली ती जागा मात्र पुन्हा बुजली नाही. अभियंता दुसऱ्या गावचा गवंडी घेऊन आला तेव्हा दोन्हीकडची माणसं नुसती येऊन उभी राहिली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. गवंडी म्हणाला, मला ताप आहे. वरून तोंडी आदेश आला, राहू द्या. मी तिथे एक शिपाई ठेवला, दोन महिन्यांनी तोही काढला.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी पत्नी गेली आणि मुलगी मला मस्कतला घेऊन आली. तिथल्या बौशर भागात तिचा फ्लॅट आहे. सकाळी चालायला जातो, नातीला शाळेच्या बसला सोडतो. ती मला इंग्रजीत विचारते, मी मराठीत उत्तर देतो, दोघांचं बरं चाललंय. इथे मी कोणी नाही, मुलीचा बाप आहे एवढंच, आणि खरं सांगायचं तर त्यात मोठं सुख आहे.

मागच्या वर्षी त्या शहरात रस्तारुंदी झाली आणि भिंत पाडली. फक्त मधला वीस फुटांचा तुकडा, वाटेसकट, स्मारक म्हणून ठेवायचं ठरलं. तिथे एक शिळा बसवायची, तिच्यावर भिंतीचा इतिहास कोरायचा. शहराची बरीच माणसं ओमानमध्ये आहेत, दोन्ही बाजूंची. शिळेचा मजकूर इथल्या मंडळींनी लिहून पाठवावा असा निरोप आला आणि कोणाला तरी आठवलं की त्या वेळचा इन्स्पेक्टर बौशरमध्येच राहतो. शुक्रवारी मला बोलावणं आलं.

एका घरी पंधरा-वीस जण जमले. जुम्म्याची नमाज झाल्यावर खालच्या मोहल्ल्यातली मंडळी आली. त्यात मस्कतमधल्याच मत्रहला कापडाचं दुकान असलेले एक चाचा होते, सत्तरीचे. तयार मजकूर कोणीतरी मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की एका गर्भवती भगिनीला कळा सुरू झाल्या, ती भिंतीशी येऊन टाहो फोडू लागली आणि दोन्ही बाजूंच्या शेकडो हातांनी एका क्षणात भिंतीला खिंडार पाडलं.

"कोणाची बायको ती?" चाचांनी विचारलं.

"ते आता कसं सांगणार चाचा. पण घडलं असेल ना असं."

"माझ्या मोहल्ल्यात त्या महिन्यात एकच बाळंतपण झालं. माझ्या सुनेचं. ती मुंबईला होती."

एक जण म्हणाला, पुराने पडली. दुसरा म्हणाला, तुमच्या लोकांनी पाडली. तिसरा म्हणाला, छे, आमच्या लोकांनी. एकोणीस वर्षांपूर्वी कोणीच केलं नव्हतं, आता सगळ्यांनीच केलं होतं. चाचा मला म्हणाले, "साहेब, आमच्या मत्रहच्या बाजाराला लागून एक तटातली वस्ती आहे. जुना तट, पण त्याला दरवाजा आहे. आपण शहाण्यांनी भिंत घातली ती बिनदरवाजाची. हे लिहा की शिळेवर."

मला विचारलं तेव्हा मी पंचनाम्यातलं तेवढं सांगितलं. तीन फूट रुंद, चिरे बाजूला रचलेले, एकही फुटलेला नाही. आकडा सांगितला नाही. ही जुनी सवय आहे, एक गोष्ट नेहमी स्वतःजवळ ठेवायची.

तेव्हा मागे बसलेला एक जण, मस्कतच्या गाला या भागात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा, हसून शेजाऱ्याला म्हणाला, "शेकडो हात कशाला लागतायत बत्तीस चिऱ्यांना."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. चहा संपवला. जेवणं सुरू झाली तेव्हा ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आमच्या घरचा एसी पाणी गळतो, काय करावं, असं विचारलं. त्याने सविस्तर सांगितलं. मग त्याचं गाव, वडील, गालातली गर्मी. माणसाला थेट प्रश्न विचारला की तो आधी दार लावून घेतो. त्याच्या धंद्याचं बोललं की दार आपणहून उघडतं. वीस मिनिटांनी मी म्हणालो, "बत्तीस कोणी सांगितले तुला?"

तो जेवायचा थांबला. "काका, असंच कोणीतरी बोललं."

"तो आकडा पंचनाम्यात आहे आणि ज्याने काढले त्याच्या डोक्यात. तू पंचनामा वाचलेला नाहीस."

"काका, तो गरीब माणूस आहे. तुम्ही आता रिटायर आहात ना?"

"आहे."

"मग सोडा ना."

मी सोडलं नाही. इथे लपवण्यात अर्थ नाही, त्या वेळी मला त्या माणसाची काळजी नव्हती. मला माझी केस उकलायची होती. दोन आठवडे त्याच्या मागे लागलो. शेवटी म्हणाला, चला, पण मी तुमच्याबरोबर राहणार आणि तुम्ही त्याला ओरडायचं नाही.

खाबुऱ्याला पोचायला त्याच्या पिकअपने दोन तास लागले. एका शेतावर कुंपणाच्या भिंतीचं काम चालू होतं, सिमेंटच्या ब्लॉकचं. खजुराच्या सावलीत पाच-सहा माणसं डबे उघडून बसली होती. त्यातला एक, डोक्याला रुमाल, दाढी पांढरी झालेली, त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. भिंत बांधणारा गवंडी तो हाच. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. पण त्याने मला ओळखलं.

"येतंय साहेब," तो म्हणाला. "जरा शर्ट बदलतंय."

मला कळेना. तो पत्र्याच्या खोलीत गेला आणि पाच मिनिटांत धुतलेला शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन बाहेर आला. पिशवीत एक टॉवेल, औषधाच्या गोळ्या. साइटच्या किल्ल्या त्याने एका बंगाली कामगाराच्या हातात दिल्या आणि अर्बाबसाठी, म्हणजे मालकासाठी, हिंदीत निरोप दिला, "अर्बाब को बोलना, मैं फोन करूँगा. सिमेंट ढक के रखना." मग माझ्याकडे वळून, "पासपोर्ट ऑफिसात आसा साहेब. तो घेवचो लागतलो."

मी त्याला अटक करायला आलोय असं त्याला वाटलं होतं.

मी नोकरीत बेड्या घातलेले लोक रडताना, शिव्या देताना, पाया पडताना पाहिलेत. सिमेंट झाकायला सांगणारा हा पहिलाच. मी म्हणालो, "बस आधी. जेवण पुरं कर." तो बसला, पण जेवला नाही.

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. मी विचारायचीही गरज पडली नाही.

"माजी आवस खालच्या बाजारात भाजी इकी. वांगी, मुळो, लाल भाजी. भिंत झाल्यार ती हायवेन फिरान जाय, डोक्यार पाटी घेवन. गुडघे तेव्हापासूनच दुखत. एक दिवस पुलार पडली. वांगी रस्त्यार गेली, ट्रकाखाली. घरी येवन माका म्हणता, 'चांगली भिंत बांधलंस हां बाबा. मजबूत.'" तो थोडा हसला. "दुसऱ्या दिसा दुपारी काढलंय."

"एकट्याने?"

"वीस मिनटां लागली."

"बत्तीस चिरे, सिमेंटात बसवलेले, वीस मिनिटांत? एकही न फोडता?"

"सिमेंटात खय होते साहेब?" त्याने काडी घेतली आणि वाळूत चिऱ्यांचे थर काढले. "भिंत फोडली तर कडा दातासारखी येता. एक चिरो भायर, एक आत. माज्या वाटेची कडा बगा, सरळ. दर दुसऱ्या थराक अर्धो चिरो घातलेलो. आत माती, भायर नुसती सिमेंटाची रेघ. बांधतानाच वाट ठेवलेली साहेब."

"का? तेव्हा आई पडली नव्हती."

"बापूस सांगी, गडग्याक वाट नाय तर तो गडगो न्हय, कोंडवाडो. त्याच्या बापाशीन तसाच बांधल्यान. भावाभावांत भांडण होवन गडगो घातलो तरी वाट ठेवची. आज ना उद्या लागता. कंत्राटदारान नको म्हटल्यान, म्हणून मी ती झाकलंय."

गडगा म्हणजे आमच्याकडची शेताची दगडी कुंपणभिंत, ती मी लहानपणापासून पाहिलेली. माझे वडील चिऱ्याच्या खाणीत काम करायचे. त्यांनी कापलेल्या दगडावर बसून मी अभ्यास केला आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या वाटेची सरळ कडा मी स्वतः पाहिली होती, तिचा फोटो फाईलला लावला होता, आणि मला काही दिसलं नव्हतं. मोडणारा माणूस दगड फेकतो. रचून ठेवतो तो बांधणारा. खाणीतल्या कोणत्याही मजुराने हे मला एका नजरेत सांगितलं असतं. मी अकरा पुढारी उचलले.

"मग पळालास का?" मी विचारलं.

"पळालंय खय? व्हिसा आधीच इल्लो. पण तुमी घराक इल्यात ना साहेब. बापाशीक सांगून गेलात, 'आला की ठाण्यात पाठवा, नाहीतर मी बघतो.'"

मला ते वाक्य आठवतही नव्हतं. आठवण्यासारखं त्यात काही नाही, दिवसातून दहा वेळा बोलायचं वाक्य आहे ते. पण म्हाताऱ्याने मुलाला फोन केला, येऊ नकोस, तुझ्या नावावर केस आहे. तेव्हापासून हा माणूस त्या शहरात गेला नाही. बायको-मुलांना कोल्हापूरकडे सासुरवाडीला ठेवलं. दोन वर्षांनी एकदा गोव्याला उतरायचा आणि परस्पर तिकडे जायचा. बाप वारला तेव्हा गेला नाही. आई आधी एसटीने त्याला भेटायला जायची, पण गेल्या सहा वर्षांत तिचे गुडघे पार गेले. ती घरातून निघू शकत नाही, हा घरात जाऊ शकत नाही. आता तिने जेवण कमी केलंय असं शेजारी सांगतात.

"विमानतळावर कधी कोणी अडवलं?" मी विचारलं.

"नाय."

"मग कळलं नाही तुला? नावावर काही असतं तर..."

"विमानतळार कॉम्प्युटर असता साहेब. ठाण्यात वही. वहीतला कॉम्प्युटरात नसता."

"अरे, कोणाला तरी विचारायचं. वकिलाला, नगरसेवकाला."

"विचारल्यार आठवण जाता त्यांका."

आपल्या लोकांचं हे असंच आहे. घरावर जप्ती आली तर धावत जातील, पण पोलिसात आपलं नाव आहे की नाही हे विचारायला कोणी ठाण्याची पायरी चढत नाही. आणि कायद्यातही ‘अ’ समरीची नोटीस फिर्यादीला जाते. ज्याला संशयित धरून आपण त्याच्या घरी जाऊन आलो त्याला कोणी कळवत नाही, कारण कागदावर तो कुठे नसतोच.

मी त्याला सांगितलं, केस अठरा वर्षांपूर्वी बंद झाली, मीच केली. तुझ्यावर काही नाही. घरी जा.

त्याने मान हलवली. एसीवाल्याकडे पाहिलं. मग अगदी आदराने म्हणाला, "साहेब, 'ये, काय होणार नाय' असा पोलीस नेहमीच सांगतत."

मी स्वतः हे वाक्य किती जणांना सांगून ठाण्यात आणलं होतं. तो म्हणाला, "कागद दाखवा. मग जातंय."

परत येताना एसीवाला म्हणाला, "काका, त्याची आई वाट बघायला किती दिवस आहे सांगता येत नाही. काय करायचं ते यल्ला, लवकर करा."

मी कामाला लागलो. माझ्या हाताखाली उपनिरीक्षक म्हणून आलेला एक जण आता त्याच जिल्ह्यात वरिष्ठ आहे. त्याला फोन केला. म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलंय, तोंडी काही नाही, अर्ज द्या." तालुक्याच्या वकिलाकडून कोर्टात समरी आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला. नाव न सांगता त्याच वकिलाला हेही विचारून घेतलं की इतक्या वर्षांनी त्या गुन्ह्यात कोणाला काही होऊ शकतं का. तो म्हणाला, काही उरलेलं नाही, निवांत राहा. रेकॉर्ड रूममध्ये फाईल सापडायला तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत मी जेवढी झोप घालवली तेवढी खुनाच्या तपासातही घालवली नसेल. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा बीपी वाढलाय." मी म्हटलं, वाढू दे, कागद येऊ दे. रोज गवंड्याला फोन करायचो, आई कशी आहे विचारायचो.

आधी मोबाईलवर फोटो आला. तो मी त्याला पाठवला. उत्तर आलं, "मोबाईलात कायपण येता साहेब." मग सुट्टीवरून परतणाऱ्या एकाच्या हाती शिक्क्याची प्रत आली. शुक्रवारी गालाच्या वर्कशॉपमध्ये आम्ही भेटलो. तो खाबुऱ्याहून मिळेल त्या गाडीने आला होता. चाचाही आले, त्यांना मीच बोलावलं होतं.

त्याने कागद उन्हात धरला, शिक्का पाहिला, सही पाहिली. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दोनदा.

"माजा नाव खय आसा?"

"कुठेच नाही. तेच तर."

"हय 'अज्ञात इसम' लिवलाहा. तो मीच ना?"

"तूच. आणि खाली लिहिलंय, तो मिळून आला नाही."

"पण आता मिळालंय की."

"मला मिळालास. मी रिटायर आहे."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं बेनाम कागदाला घाबरलास, मिस्त्री. आमच्या मोहल्ल्यात प्रत्येकाला माहीत होतं की वाट कोणी काढली, फक्त साहेबांसमोर कोणी बोललं नाही. तुझ्या आईकडून भाजी घेताना बायका तिला एक रुपया जास्त द्यायच्या, ती परत करायची."

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग एसीच्या एका रिकाम्या खोक्यावर बसला. एसीवाल्याने त्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने तो प्यायला आणि म्हणाला, "खलास?"

"खलास," मी म्हणालो.

माझ्याही छातीवरून काहीतरी उतरलं. ते तिथे होतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

अर्बाबने सुट्टी दिली, तिकीटही दिलं. आठव्या दिवशी त्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता. "पोचलंय साहेब. दारातसून पोचलंय." मग मागून एका बाईचा आवाज, कोण आहे म्हणून विचारणारा. त्याने सांगितलं. ती म्हणाली, मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणूनच, "तो पोलीस? त्याका म्हण एकदा जेवूक ये. जेवूक घालतंय आणि मगे बोलतंय."

मी म्हटलं, सांग त्यांना, मी येतो आणि ऐकून घेतो. एकोणीस वर्षांचं आहे, ताट उचलल्यावर लगेच उठणार नाही.

शिळेचा मजकूर मग पुन्हा लिहिला. गर्भवती भगिनी गेली, शेकडो हात गेले. काही जणांना वाईट वाटलं, म्हणाले, वांग्यांसाठी कोणी स्मारक करतं का. चाचा म्हणाले, वांग्यांसाठीच करायला हवं, आपण भांडलो होतो तेही काही फार मोठ्या गोष्टीसाठी नव्हतो. गवंड्याला विचारलं, नाव घालू का. तो म्हणाला, नाव नको. पण एक गोष्ट त्याने अडून मागितली: ‘खिंडार’ हा शब्द काढा. खिंडार पडतं, ही वाट ठेवलेली आहे. त्यामुळे शिळेवर आता एवढंच कोरलं जातंय की शहराने इथे भिंत घातली होती, आणि जो बांधायला आला त्याने बांधतानाच तिच्यात वाट ठेवली. दर दुसऱ्या थराचा अर्धा चिरा लोकांनी स्वतः पाहावा म्हणून तिथे एक दिवाही बसवणार आहेत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर तपासात दगडाकडे बघायचं असतं, पुढाऱ्यांच्या यादीकडे नाही, हे एक. पण ते कोणीही सांगेल. दुसरी गोष्ट मला नंतरच्या दोन महिन्यांत कळली.

ही हकीकत इथल्या आपल्या लोकांत पसरली आणि माणसं माझ्याकडे येऊ लागली. कोणी मॉलमध्ये बाजूला घेतं, कोणी घरी येऊन चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलतं. मग हळूच: साहेब, बावीस वर्षांपूर्वी माझ्या मोटरसायकलीने एकाला धक्का लागला होता. साहेब, भावाने जमिनीच्या भांडणात माझं नाव सांगितलं होतं म्हणे. साहेब, एक हवालदार घरी आला होता, काय म्हणाला ते आईला समजलं नाही. कोणी आठ वर्षं गावी गेलेला नाही, कोणी जातो पण संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नाही. मी नावं लिहून घेतो, ओळखीतून अर्ज करून माहिती मागवतो. आतापर्यंत नऊ जणांची आली. एकाला कोर्टात जावं लागणार आहे, साधी दंडाची बाब आहे, ती मी त्याला समजावून सांगितली. बाकी आठ जणांचं काहीच नव्हतं.

त्या आठही जणांना मी समोर बसवून सांगितलं, "तुमच्या नावावर काही नाही." प्रत्येकाने ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. तेहेतीस वर्षं मी खुर्चीत बसून लोकांना त्यांच्यावर काय काय आहे तेच सांगत आलो. हे दुसरं वाक्य सांगायलाही तेवढाच वेळ लागतो. ठाण्यात सध्या बसलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं करावं: फाईल बंद केलीत की ज्याच्या ओट्यावर तुम्ही जाऊन आला होतात, त्याच्याकडे एक शिपाई पाठवा आणि त्याला कळवा.